घर पाहिल्याशिवाय लेकराचा निर्णय नको

आजचा विषय जरा जड आहे, पण परका नाही. ज्या लेकराला आई-बाप नाहीत, किंवा असूनही त्याचा सांभाळ होत नाही, त्याचं पुढे काय करायचं हे कोण ठरवतं? कसं ठरवतं? आणि ते ठरत असताना आपला गट कुठे असतो? हे आज आपण नीट समजून घेऊ.

'बालकल्याण समिती' हे नाव निघालं की आपल्या गावांत दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणजे, "ते लोक पोरं उचलून नेतात, त्यांना काही सांगू नका." दुसरं म्हणजे, "बरं झालं, सरकार पोसेल, शिकवेल, एक तोंड कमी होईल." ही दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. समितीचं काम पोरं उचलण्याचं नाही आणि गरिबाघरची तोंडं कमी करण्याचंही नाही. लेकराला सुरक्षित घर मिळावं, आणि होता होईल तो ते त्याचं स्वतःचंच घर असावं, हे पाहणं हे तिचं काम आहे.

समिती म्हणजे कोण

आपल्या देशात यासाठी 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा कायदा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक किंवा जास्त बालकल्याण समित्या असाव्या लागतात. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला हवीच. समिती महिन्यातून किमान २० दिवस बसली पाहिजे. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणजे तिचा आदेश हा नुसता सल्ला नसतो, तो पाळावा लागतो.

समितीला हात-पाय लागतात. ते काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं. तिथे संरक्षण अधिकारी असतात, समुपदेशक असतात, समाजकार्यकर्ते असतात. घरी जाऊन पाहणं, शेजाऱ्यांशी बोलणं, लेकराचं ऐकणं आणि ते सगळं लिहून समितीपुढे ठेवणं हे त्यांचं काम. हे कामही शिकावं लागतं. आपल्या देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली शाळा १९३६ मध्ये मुंबईत निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी भंडाऱ्याला जावं लागे, आता गोंदियाला जावं लागतं. पण इटियाडोहकडच्या बाईला अर्जुनीहून रेल्वे धरा की एसटी, एका कागदासाठी एक दिवस आणि एक मजुरी जातेच. हे अंतर लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहोत, त्यातलं निम्मं या अंतरामुळेच घडतं.

कोणत्या लेकराचा विषय समितीपुढे जातो

कायद्यात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' असा शब्द आहे. १८ वर्षांखालचं कुणीही बालकच. त्यांपैकी अनाथ, टाकून दिलेलं, हरवलेलं किंवा घरून पळालेलं, भीक मागणारं, मजुरीला जुंपलेलं, सोबत राहणाऱ्या माणसाकडून मार किंवा अत्याचार सोसणारं, आणि सांभाळायला कुणी नसलेलं आजारी किंवा दिव्यांग लेकरू या शब्दात बसतं. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. वय भरण्याआधी जिचं लग्न लावण्याची तयारी चालली आहे, ती मुलगीही याच यादीत येते.

अशा लेकराबद्दल कुणीही कळवू शकतं. पोलीस, अंगणवाडीताई, आशाताई, शिक्षक, परिचारिका, गावातली कुणीही बाई. लेकरू स्वतःही समितीपुढे जाऊ शकतं. १०९८ हा फोन दिवसरात्र चालू असतो आणि फुकट लागतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना रात्री-बेरात्री मदत मागता यावी हा तिचा उद्देश होता. आता ती शासनाचा महिला व बालविकास विभाग चालवतो.

लेकरू ताब्यात घेतलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यावं लागतं. समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. मग समिती चौकशीचा आदेश देते. सामाजिक तपासणी, म्हणजे घर पाहून अहवाल देणं, १५ दिवसांत पुरं व्हायला हवं. शेवटचा आदेश ४ महिन्यांच्या आत निघायला हवा.

आता मधल्या त्या १५ दिवसांकडे लक्ष द्या. लेकराचं पुढलं आयुष्य कोणत्या वाटेने जाईल ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

एकाच घराचे दोन अहवाल

समजा, एक घर आहे. हे कुणा एकीचं घर नाही, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बाप वारलेला. रोवणी आणि धानकापणी संपली की गावात काम नसतं, म्हणून आई पौषात मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. घरी आजी, ११ वर्षांची नात आणि ६ वर्षांचा नातू. आजीचे गुडघे धरलेले. त्यामुळे नातीची शाळा बुडते आणि नातू आठवडी बाजारात फिरताना, कुणाकडे तरी खायला मागताना दिसतो. कुणीतरी चांगल्या मनाने १०९८ ला फोन करतं.

आता या घराचा अहवाल दोन तऱ्हांनी लिहिता येतो.

पहिला अहवाल असा: "वडील मयत. आई बाहेरगावी. आजी वृद्ध. आर्थिक परिस्थिती हलाखीची. बालकांना संस्थेत ठेवणे योग्य राहील." चार ओळी. यात खोटं काहीच नाही. घर न पाहता, फोनवर विचारूनही एवढं लिहिता येतं. आणि या चार ओळी वाचणाऱ्याला दोन्ही भावंडं बालगृहात पाठवण्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. म्हणजे बहीण-भावाचीही ताटातूट.

दुसरा अहवाल घरी जाऊन लिहिलेला असतो. त्यात आई किती तारखेला परत येणार, तिचा फोन लागतो का, ती पैसे पाठवते का, हे असतं. चूल कोण पेटवतं, शेजारी मोठी आई राहते ती रात्री पोरांकडे पाहते का, हे असतं. नात शेवटची कधी शाळेत गेली, गुरुजी काय म्हणतात, रेशनकार्डावर नावं आहेत का, आजीला निराधार योजनेचे पैसे मिळतात का, हे असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पोरांनी स्वतः काय सांगितलं ते असतं. शेवटी लिहिलेलं असतं: "आईला गावातच काम मिळेपर्यंत आणि बालसंगोपनाची मदत सुरू होईपर्यंत मोठी आईच्या देखरेखीखाली घरीच ठेवावे. महिन्यातून एकदा गृहभेट व्हावी. शाळेने हजेरी कळवावी."

घर तेच, माणसं तीच, गरिबीही तीच. फरक इतकाच की पहिल्या अहवालात घरात काय नाही तेवढंच लिहिलं, आणि दुसऱ्यात काय आहे आणि काय कमी पडतं ते लिहिलं. समिती गोंदियाला बसते. तिला ते घर दिसत नाही, तिला कागद दिसतो. म्हणून घर न पाहता लेकराचा निर्णय नको, हे आमचं आजचं मुख्य सांगणं आहे.

गरिबी वेगळी, हयगय वेगळी

कायद्याच्या सुरुवातीलाच तत्त्वं दिली आहेत. त्यांत एक तत्त्व असं की लेकराला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, बाकी सगळे रस्ते पाहून झाल्यावरचा. दुसरं असं की सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. तिसरं असं की लेकराशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबी या कारणाने लेकराला आई-बापापासून दूर करू नये. गरिबी दिसली तर त्या कुटुंबाला मदत द्यावी.

हे नुसतं मायेचं बोलणं नाही. रुमानिया नावाच्या देशात एके काळी हजारो मुलं मोठमोठ्या अनाथालयांत वाढत होती. तिथे बुखारेस्ट शहरात २००० नंतर १३६ लहान मुलांवर अभ्यास झाला. काहींना पालक-कुटुंबात ठेवलं, काही संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं आणि माणसांशी जुळणं सुधारलं. जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचं बरंच जास्त सुधारलं. पोट दोन्हीकडे भरत होतं. एकाच माणसाने रोज जवळ घेणं हे मात्र संस्थेत कमी पडत होतं.

पण याचा अर्थ प्रत्येक घर चांगलंच असतं असा नाही. घरात मारहाण होत असेल, मुलीच्या अंगाला हात लावला जात असेल, दारूच्या पैशासाठी पोराला कामाला जुंपलं जात असेल, तर तिथे "घर तुटायला नको" म्हणून गप्प बसणं हे पाप आहे. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा वेगळा कायदा आहे, पोक्सो म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्यात गुन्हा कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. असा विषय तंटामुक्ती समितीत बसून, पाय धरून, पैसे देऊन मिटवता येत नाही. तिथे लेकराला आधी बाहेर काढायचं. काकू, मामा, आजी अशा सुरक्षित नातेवाइकाकडे ठेवता येत असेल तर उत्तम, नसेल तर बालगृह.

म्हणून ओळखायची खूण ही: मदत दिली की जी अडचण संपते ती गरिबी. मदत देऊनही लेकराला ज्या घरात भीती वाटते, ते घर असुरक्षित.

यात आणखी एक गोष्ट बायांनीच बायांना सांगायला हवी. आईबद्दलचा शेरा फार लवकर लिहिला जातो. "आई दुसरीकडे गेली", "आई कामाच्या नावाने बाहेर राहते", "आई पिते." तोच बाप महिनोन्महिने बाहेर राहिला तर तो 'कमवायला गेलेला' असतो. गृहभेटीला आलेल्या माणसाला आपण ओसरीवर बसून काय सांगतो, ते कागदावर जातं आणि वर्षानुवर्षं राहतं. ऐकीव सांगू नका. पाहिलेलं तेवढंच सांगा.

व्यवस्था कुठे अडते

आता अडचणी. त्या झाकून चालणार नाही.

पहिली अडचण माणसांची. आपल्या जिल्ह्यात ८ तालुके. एका टोकाला सालेकसा, दुसऱ्या टोकाला आपली अर्जुनी मोरगाव. गृहभेटी करणारी माणसं मोजकी आणि पुष्कळशी पदं कंत्राटी. माणूस तयार होतो, गावं ओळखू लागतो आणि कंत्राट संपतं. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात बालकल्याण समित्या आणि बाल न्याय मंडळांतली रिकामी पदं भरा, संस्थांची सामाजिक तपासणी करा, असं राज्यांना सांगावं लागलं. याचिका होती २००५ ची. एवढी वर्षं गेली, यावरूनच अडचण किती खोल आहे ते कळतं.

दुसरी अडचण कागदांची. आम्ही गावांत फिरतो तेव्हा एकच तक्रार वारंवार ऐकतो. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही, कारण मरण घरी झालं आणि नोंद राहिली. पोराचं आधारवरचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. बँकेचं खातं बंद पडलेलं. मग मदतीचा अर्ज परत येतो. पुन्हा गोंदिया, पुन्हा एक मजुरी. दोन-तीन चकरांनंतर आजी म्हणते, राहू द्या. आणि घरात मदत आली नाही की मग "पोरं संस्थेत टाका" हे बोलणं पुढे येतं.

तिसरी अडचण पाठपुराव्याची. लेकरू बालगृहातून घरी परत पाठवलं की फाईल बंद झाली असं समजलं जातं. खरं काम तिथून सुरू होतं. शाळेत पुन्हा नाव घातलं का? बापाची दारू सुटली का? आईला काम मिळालं का? समिती देखरेखीसह घरी पाठवण्याचा आदेश देऊ शकते. असा आदेश असेल तर भेट द्यायला कुणीतरी आलं पाहिजे, आणि कुणी आलं नाही तर विचारणारंही कुणी हवं.

चौथी अडचण १८ वर्षं पूर्ण झाल्यानंतरची. संस्थेत वाढलेला मुलगा किंवा मुलगी १८ पूर्ण झाली की बाहेर पडते. जायला घर नसतं. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे २१ वर्षांपर्यंत पुढील आधाराची सोय आहे, विशेष प्रसंगी ती २३ पर्यंत वाढवता येते. पण ती मागावी लागते. ज्या लेकराचं गावाशी नातं टिकलं, त्याला परतायला एक दार तरी असतं. म्हणून बालगृहात असलेल्या गावच्या पोराला दिवाळीला, पोळ्याला आणायचं असेल तर समितीच्या परवानगीने आणा, भेटायला जा. त्याला विसरू नका.

आश्रमशाळा आणि बालगृह एक नव्हे

आपल्याकडे हा गोंधळ नेहमी होतो. आश्रमशाळा आणि वसतिगृह ही शिक्षणासाठी असतात. तिथे आई-बाप स्वतः नाव घालतात, सुट्टीत पोरं घरी येतात. बालगृहात लेकरू समितीच्या आदेशाने जातं. सहा वर्षांखालच्या अनाथ किंवा टाकलेल्या बाळांसाठी दत्तक देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था वेगळ्या असतात.

कुणी गावात येऊन म्हणालं, "पोरं द्या, आम्ही शहरात फुकट ठेवतो, इंग्रजी शिकवतो", तर आधी विचारा, संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि समितीचा आदेश आहे का. नोंदणी नसलेली संस्था चालवणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. नोंदणी असलेल्या संस्थांची दर तीन महिन्यांनी तपासणी झाली पाहिजे. चांगल्या संस्थेला हे प्रश्न विचारलेले खटकत नाहीत.

लेकरू घरीच राहावं म्हणून मिळणारी मदत

आता पैशाचं. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाईंचं नाव इथे शोभतं. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांची बाळंतपणं तिथे सुखरूप व्हायची. तिथल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. आईला दोष देण्याआधी तिला आधार द्यायचा, ही रीत त्यांनी तेव्हा घालून दिली.

या योजनेत २०२३ पासून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनाथ मुलं, एकच पालक असलेली मुलं, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं, घटस्फोटामुळे अडचणीत आलेली मुलं यांचा विचार होतो. आजी, मामा, काका सांभाळत असतील तरी अर्ज करता येतो. दुसरी मदत केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली, तिला प्रायोजकत्व म्हणतात. तिथे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, आणि ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. यातली कोणती मदत आपल्या लेकराला लागू होते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगेल.

अर्जासाठी साधारण हे कागद जमवून ठेवा: लेकराचा जन्माचा दाखला आणि आधार, शाळेचा बोनाफाईड, पालकाच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर पालकासोबत काढलेला लेकराचा फोटो. घरी मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करा. वेळ टळली तरी नोंद होते, पण चकरा वाढतात.

तुम्ही विचारलेले प्रश्न

"१०९८ ला फोन केला तर माझं नाव गावात फुटेल का?" आपलं नाव गुप्त ठेवा असं फोनवरच सांगता येतं. नाव न सांगताही माहिती देता येते.

"दवाखान्यात किंवा शेतात बाळ सापडलं. गावातल्या एका जोडप्याला मूल नाही. त्यांनाच दिलं तर काय बिघडलं?" मन मोठं असलं तरी हा गुन्हा आहे. सापडलेल्या बाळाची खबर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा समितीला द्यावी लागते. त्या जोडप्याने रीतसर नाव नोंदवावं. परस्पर घेतलेल्या बाळावर उद्या कुणीही हक्क सांगू शकतं, तेव्हा त्या बाळाचे आणि त्या आईचेही हाल होतात.

"एखाद्या पोरीला बाळ झालं आणि ती ठेवू शकत नाही, तर?" तिने बाळ कुठे टाकू नये, कुणाला विकू नये. ती समितीपुढे येऊन बाळ सुपूर्द करू शकते. तिला समुपदेशन मिळतं आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. तिचं नाव गुप्त राहतं.

"समितीचा आदेश आम्हाला पटला नाही तर?" ३० दिवसांच्या आत बालन्यायालयात अपील करता येतं. प्रायोजकत्व आणि पालक-कुटुंबाच्या आदेशाबद्दल अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असली तरी ती जिल्हाधिकाऱ्यांकडेच करायची. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आपल्या गटाचं काम

गावात ग्राम बालसंरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. कित्येक गावांत ती फक्त फळ्यावर आहे. पुढच्या ग्रामसभेत विचारा, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि गटातली कोण तिच्यात आहे.

गटाच्या बैठकीत वर्षातून दोनदा, रोवणीआधी एकदा आणि बाया बाहेरगावी कामाला निघण्याआधी एकदा, एवढं एकच बोला: आपल्या गावात कोणतं लेकरू सध्या कुणाच्या भरवशावर आहे? कुणाची आई बाहेर जाणार, तिचा फोन कुणाकडे, पोरांच्या जेवणाची आणि रात्रीच्या झोपण्याची सोय कोण पाहणार? ही चर्चा झाली तर पुष्कळ लेकरांचा विषय गोंदियापर्यंत जाणारच नाही. आणि कुणाच्या घरात भीती आहे, हेही आपल्याला वेळेत कळेल.

गृहभेटीला कुणी आलं तर त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका. आत न्या, चूल दाखवा, झोपायची जागा दाखवा, शाळेत घेऊन चला. लेकराशी एकट्याने बोलू द्या. मोठी माणसं बाजूला असली की लेकरू मान खाली घालतं. समितीपुढे जायचं असेल तेव्हा आजीसोबत गटातली एक जण जा. गटाच्या निधीतून तिचं भाडं द्या. आणि ज्या घराचा अर्ज गेला, त्याचं पुढे काय झालं हे दर महिन्याच्या बैठकीत वहीत लिहा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. लेकराचं नाव, फोटो, गाव, शाळा व्हॉट्सअपवर टाकू नका. समितीपुढे आलेल्या लेकराची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "हरवलेलं आहे, सापडलं आहे" म्हणून टाकलेला फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि ते पोर मोठं झाल्यावर त्याच्यापुढे येतो. म्हणूनच आम्हीही इथे कुणा घराचं नाव घेत नाही.

बहिणींनो, धरणाचं पाणी कोणत्या बांधीला कधी सोडायचं याची पाळी आपल्या गावांत ठरलेली असते. कालव्याच्या शेवटच्या टोकाची बांधी कोरडी राहिली तर सगळ्यांना दिसतं, बोलणं होतं, पाटकऱ्याला जाब विचारला जातो. शेवटच्या टोकाच्या घरातल्या लेकराबद्दलही तसंच बोलणं गटात व्हायला हवं. तुमच्या गावच्या ग्राम बालसंरक्षण समितीची बैठक झाली का, ते आम्हाला कळवा. कुणाचा अर्ज अडला असेल तर कोणत्या कागदापायी अडला तेही लिहा, फक्त लेकराचं नाव लिहू नका. पुढच्या भागात आपण बालसंगोपनाचा अर्ज एकेक रकाना घेऊन भरायला शिकू. तेव्हा वही-पेन घेऊन बसा.